चावी सदस्यांच्या हाती असलेली नेमबाजी रेंज : कुणी गैरवागलं तर काय करायचं

दहा मीटरची एअर रायफल रेंज उभी करायला फारसं काही लागत नाही. बंद पडलेलं गॅरेज किंवा जुन्या घराची लांबट पडवी, चार-पाच लेन, छर्रे अडवणारे लोखंडी ट्रॅप, टार्गेटवर चांगला उजेड. गोव्यात फोंड्यात असो, म्हापशात असो की डिचोलीत, दहा-पंधरा जणांनी मनावर घेतलं की काम होतं. अडतं ते पुढे. दिवसभर बसायला पगारी माणूस परवडत नाही, म्हणून चावी सदस्यांकडे जाते. सकाळी नोकरीआधी कुणी येतं, रात्री दुकान बंद करून कुणी येतं, दुपारी शाळा सुटल्यावर पोरं येतात. महिनोन्‌महिने काही होत नाही. मग एके दिवशी टार्गेटपासून हातभर लांब, बाजूच्या भिंतीत छर्रा रुतलेला दिसतो आणि तो कुणाचा हे कुणीच सांगत नाही.

पुढचं सगळं अशा क्लबाच्या सचिवासाठी आणि समितीवरच्या मंडळींसाठी आहे, आणि ते फक्त ४.५ मिमीच्या एअर रायफल-पिस्तुलांबद्दल आहे. काडतुसाची बंदूक चालणारी रेंज देखरेखीशिवाय चालवायचा विचारही करू नका. एअर गनची ऊर्जा २० जूलच्या आत असेल तर शस्त्र नियम २०१६ प्रमाणे तिला परवाना लागत नाही, आणि खरी डोकेदुखी इथूनच सुरू होते. परवाना नाही म्हणजे खेळणं, असा समज होतो. स्पर्धेच्या एअर रायफलीतून अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने सुटतो. डोळा जायला तेवढा पुरे.

एक गोष्ट आधी समितीत पक्की करून घ्या, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. चावी वेगळी आणि सदस्यत्व वेगळं. चावी ही सोय आहे. क्लब ती विश्वासावर देतो आणि शंका आली की त्याच दिवशी परत घेतो, त्यासाठी कुणी दोषी ठरायची गरज नाही. सदस्यत्व हा हक्क आहे. त्याला हात लावायचा तर नोटीस, सुनावणी आणि लेखी निर्णय हवा. बहुतेक क्लब या दोन्हींची गल्लत करतात. मग एक तर चौकशी संपेपर्यंत धोकादायक माणूस चावी घेऊन फिरत राहतो, नाहीतर रागाच्या भरात रात्री दहा वाजता एखाद्याला क्लबातून काढून टाकलं जातं आणि पुढे क्लबालाच वकील शोधावा लागतो. हे वाक्य नियमावलीत घाला आणि चावी देतानाच त्यावर सही घ्या: "समितीचे कोणतेही दोन पदाधिकारी कारण नोंदवून चावी तात्काळ परत मागू शकतात."

पहिलं मिनिट

देखरेख नसलेल्या रेंजवर 'स्टॉप' म्हणायचा अधिकार प्रत्येकाला असतो. चौदा वर्षांच्या मुलीलाही, कालच दाखल झालेल्या सदस्यालाही. 'स्टॉप' ऐकू आलं की सगळ्यांनी थांबायचं, का म्हणून विचारायचं ते नंतर. भिंतीवर मोठ्या अक्षरांत हे लिहून ठेवा. शक्य असेल तर दाराशेजारी साधी बेल लावा, कारण कानात इअर-मफ असले की आवाज पोचत नाही.

थांबल्यावर काय करायचं हे सगळ्यांना पाठ हवं. नळी टार्गेटच्या दिशेने. बोट ट्रिगरवरून बाहेर. लोडिंग लिव्हर उघडी. आत छर्रा असेल तर फायरिंग लाइनच्या (नेमबाज उभे राहतात त्या रेषेच्या) पुढे कुणी नाही याची खात्री करून तो ट्रॅपमध्येच सोडायचा. मग नळीतून सेफ्टी फ्लॅग, म्हणजे भडक रंगाची दोरी, घालायचा. एअर गनमध्ये हा फ्लॅग नळीच्या पूर्ण लांबीतून जाऊन पुढून बाहेर दिसला पाहिजे, तरच नळी रिकामी आहे हे लांबूनही कळतं. विकतचा फ्लॅग हरवला हे कारण फार ऐकायला मिळतं. त्यावर आपल्याकडे सोपा उपाय आहे. पावसाळ्यात घरोघरी गवत कापायचं मशीन चालतं, त्याच्या भगव्या किंवा पिवळ्या नायलॉन दोरीचा मीटरभर तुकडा ४.५ मिमीच्या नळीतून आरामात जातो. दहा तुकडे कापून दाराशी खिळ्याला टांगून ठेवा.

आता गैरवागणाऱ्याबद्दल. त्याच्या हातातून बंदूक हिसकावू नका. झटापटीत नळी कुठे वळेल सांगता येत नाही. शांतपणे, थोडं बाजूला उभं राहून, एकच वाक्य दोनदा सांगा: "बंदूक टेबलावर ठेवा आणि मागे या." ऐकलं नाही तर वाद घालू नका. बाकीच्यांना बाहेर काढा, दार ओढून घ्या आणि ११२ लावा. रिकामी आहे असं म्हणत कुणी माणसावर नळी रोखली, तरी हेच करायचं. रेंजवर रिकामी बंदूक नसते.

दारूचा प्रश्न गोव्यात लाजत-लाजत हाताळला जातो. मार्च-एप्रिलमध्ये हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या ताज्या दारूचा, हंगाम असतो, दुपारचं जेवण लांबतं आणि संध्याकाळी चार-पाच वाजता चांगला शहाणा माणूस "सोड रे, कांय जायना" म्हणत रायफलची बॅग उघडतो. वास आला, बोलणं जड वाटलं, की एवढंच: आज नेमबाजी नाही. किती घेतली, कधी घेतली यात शिरू नका. तुम्ही डॉक्टर नाही आणि तिथे यंत्रही नाही. नियमावलीत "मद्य घेतलेल्या दिवशी फायरिंग लाइनवर प्रवेश नाही" असं सरळ लिहा, प्रमाण लिहिलंत तर वाद सुरू होतो. त्याला स्कूटर चालवत घरी जाऊ देऊ नका. घरच्यांना फोन करा, बंदूक बॅगेत घालून कुलूपबंद ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सही घेऊन परत द्या.

कुणाला छर्रा लागलाच, तर तो काढायचा प्रयत्न करू नका. डोळ्याला लागला असेल तर चोळू नका, दाबू नका, पाण्याने धुऊ नका. कागदी कप उलटा धरून डोळ्यावर झाकण करा, माणसाला बसवून ठेवा आणि १०८ बोलवा. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) वैद्यकीय-कायदेशीर नोंद होईल आणि पोलिसांना कळेल. ते व्हायलाच हवं. "पडलो" असं सांगायला जखमीला कुणी सुचवत असेल, तर तो वेगळा आणि मोठा गैरप्रकार आहे.

त्याच संध्याकाळी लिहून काढा

दुसऱ्या दिवशी आठवण गोड होते. ज्याने पाहिलं त्याच्याकडून त्याच संध्याकाळी, त्याच्या शब्दांत, तारीख-वेळेसह लिहून घ्या. "बेजबाबदार वागला" याने काही कळत नाही. "लेन तीनवर उभा राहून मागे वळला, तेव्हा पिस्तुलाची नळी बाकावर बसलेल्या दोन मुलांच्या दिशेने होती, लिव्हर बंद होती" असं हवं. दोघांनी पाहिलं असेल तर दोघांना वेगवेगळं लिहू द्या. शब्द जुळले नाहीत तरी चालेल, तासून-पुसून जुळवलेली दोन निवेदनं चौकशीत लगेच उघडी पडतात.

भिंतीतल्या खुणेचा फोटो शेजारी मेजरिंग टेप धरून काढा. एक जवळून, आणि एक लांबून, ज्यात लेनचा क्रमांक दिसेल. टार्गेटचे कागद फेकू नका. कॅमेरा असेल तर त्या वेळेचं चित्रण आजच पेन ड्राइव्हवर घ्या. डीव्हीआरची (चित्रण साठवणाऱ्या यंत्राची) जागा भरली की तो जुनं पुसत जातो, आणि "पुढच्या सभेत बघू" म्हणेपर्यंत बघायला काही उरत नाही.

कॅमेरा नसेल तर सगळा भार रजिस्टरावर. नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, लेन, बंदूक, आणि शेवटी एक रकाना: "येताना रेंज कशी सापडली". या रकान्याने मोठं काम होतं. प्रत्येकाने आल्यावर भिंत, छत, ट्रॅप आणि दिवे बघून "ठीक" लिहायचं. मग नवी खूण दिसली की ती दोन सह्यांच्या मधल्या वेळेतली ठरते, आणि संशय पंधरा जणांवरून एक-दोघांवर येतो. सही न करता नेमबाजी करणं हा म्हणूनच किरकोळ गुन्हा धरू नका.

आणि व्हॉट्सअॅप. ग्रुपवर काहीही टाकू नका. नाव नाही, फोटो नाही, "काही सदस्यांनी लक्षात घ्यावं" असला टोमणाही नाही. आपल्याकडे पेडण्यात पाठवलेला फोटो जेवणं व्हायच्या आत काणकोणात पोचतो. चौकशीआधीच माणूस गावभर दोषी ठरतो, आणि उद्या तो निर्दोष निघाला तर बदनामीची तक्रार (भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६) करायला त्याच्याकडे आयता पुरावा असतो. ग्रुपवर एकच ओळ पुरते: "दुरुस्तीसाठी लेन ३ बंद आहे."

चावी परत घेताना

समोरासमोर घ्या, शक्यतो दोघांनी जाऊन, आणि सोबत हे पत्र द्या. लांबवू नका, विशेषणं घालू नका.

"श्री./श्रीमती ______ यांस,
दि. ____ रोजी सायंकाळी ____ वाजता लेन क्र. ____ येथे घडलेल्या घटनेची नोंद क्लबाकडे आली आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत रेंजची चावी व प्रवेशाचा कोड मागे घेण्यात येत आहे. ही शिक्षा नाही आणि घटनेबाबत कोणताही निष्कर्ष काढलेला नाही. आपले सदस्यत्व कायम आहे. आपले म्हणणे लेखी कळवावे. सुनावणीची तारीख स्वतंत्रपणे कळवली जाईल.
सचिव"

तो चिडेल. "एवढी वर्षं मी इथे, आणि मला पत्र?" हे ऐकायची तयारी ठेवा. उत्तर एकच: "बाब, उद्या माझ्याबद्दल तक्रार आली तर मलाही हेच पत्र मिळेल." कोडचं कुलूप असेल तर त्याच रात्री सगळ्यांचा कोड बदला. साधं कुलूप असेल तर कुलूपच बदला. नकली चावी दहा मिनिटांत बनते, आणि परत आलेली चावी एकुलती होती असं धरून चालणं भाबडेपणाचं आहे.

पोलिसांत कधी जायचं

घरातलं भांडण घरात, ही आपली सवय. काही बाबतीत ती सोडावी लागते.

जखम झाली, धमकी दिली, माणसावर नळी रोखली, क्लबाची बंदूक गायब झाली, तर चौकशी समितीची वाट न बघता पोलिसांत जा. दुसऱ्याचा जीव धोक्यात येईल असं बेदरकार वागणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली येतं: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड, दुखापत झाली तर सहा महिने, गंभीर दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंत.

सत्तरी, सांगे, काणकोण भागात रानडुकरांच्या त्रासामुळे शेतीसाठी परवान्याच्या बंदुका बाळगल्या जातात. एखादा सदस्य कौतुकाने आपली बाराबोअर दाखवायला आणतो. गप्पांच्या ओघात कुणी म्हणतं, एक बार काढून दाखव. तुमचे ट्रॅप छर्ऱ्यांसाठी बनवलेले आहेत, काडतुसासमोर त्यांचा काही उपयोग नाही. तिथल्या तिथे रेंज बंद करा. बेदरकारपणे बंदूक चालवून माणसांचा जीव धोक्यात घातला तर २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्र कायद्यात आलेल्या कलम २५(९) नुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. परवान्याच्या अटी मोडल्या तर तो परवाना निलंबित किंवा रद्द करायचा अधिकारही प्रशासनाकडे आहे.

उलट्या दिशेचा प्रकारही होतो. क्लबाची एअर रायफल "माडावरच्या माकडांना घाबरवायला" दोन दिवस घरी जाते. माकडं घाबरतात की नाही कोण जाणे, जखमी मात्र होतात. आणि नेम मोरावर गेला तर गोष्ट वनखात्यापर्यंत जाते, कारण मोर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात आहे. क्लबाची बंदूक सही न करता बाहेर गेली की ती चोरी धरा, मग नेणारा अध्यक्ष का असेना.

लहान मुलांशी लैंगिक गैरवर्तनाची तक्रार आली तर क्लबाने चौकशी करायचीच नाही. पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना देणं सक्तीचं आहे, आणि गोव्यात त्यावर बाल कायदा २००३ सुद्धा आहे. मुलाला पुन्हा-पुन्हा प्रश्न विचारू नका, पालकांना बोलवा, पोलीस किंवा १०९८ ला (चाइल्डलाइनला) कळवा. महिला सदस्याची लैंगिक छळाची तक्रार असेल तर २०१३ च्या कायद्यात क्रीडासंस्था आणि क्रीडासंकुलंही येतात. क्लबात दहाहून कमी कर्मचारी असल्यास तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, साधारणपणे तीन महिन्यांच्या आत. "समजुतीने मिटवूया" म्हणणाऱ्या ज्येष्ठांना या बाबतीत नम्रपणे बाजूला बसवा.

चौकशी

तिघांची समिती पुरे. तक्रारदार, साक्षीदार आणि ज्याच्यावर तक्रार आहे त्याचे नातेवाईक तिच्यात नकोत. छोट्या तालुक्यात हे बोलायला सोपं. तिथे कुणी मामा असतो, कुणी दुकानचा गिऱ्हाईक, कुणी देवस्थानचा महाजन. म्हणून एक सदस्य तरी दुसऱ्या तालुक्यातल्या क्लबातून मागा, निवृत्त शिक्षक किंवा निवृत्त पोलीस मिळाला तर उत्तम.

नोटिशीत काय घडलं, कधी, कोणता नियम मोडला आणि कोणता पुरावा आहे हे लिहा. पुराव्याच्या प्रती जोडा. उत्तराला नियमावलीत असेल तेवढी मुदत द्या, काहीच लिहिलेलं नसेल तर किमान सात दिवस. सुनावणीत त्याला बोलू द्या, साक्षीदाराला प्रश्न विचारू द्या, त्याचे साक्षीदार ऐका. निर्णय कारणांसह लिहा, तिघांच्या सह्या घ्या. प्रकरण कोर्टात गेलं तर कोर्ट बहुधा दोनच गोष्टी बघतं: नियमावली पाळली का, आणि माणसाला ऐकून घेतलं का.

शिक्षा ठरवताना चूक आणि सवय वेगळी करा. नवख्याने फ्लॅग न घालता बंदूक टेबलावर ठेवली, तर पुन्हा सुरक्षेचा वर्ग आणि महिनाभर सोबत्याशिवाय प्रवेश नाही, एवढं पुरे. पंधरा वर्षं नेमबाजी करणारा तेच तिसऱ्यांदा करतो आणि वर हसतो, त्याला चावी परत देऊ नका. लोक खुर्ची फेकणाऱ्यावर तुटून पडतात आणि बंदुकीचा मुदत संपलेला हवेचा सिलिंडर भरणाऱ्याकडे दुर्लक्ष करतात. माझ्या मते दुसरा जास्त धोकादायक. एअर सिलिंडरवर तयार केल्याची तारीख कोरलेली असते आणि आयुष्य दहा वर्षांचं. त्यात २०० बारचा दाब असतो. डायव्हिंगच्या टाकीतून स्वच्छ हवा भरणं ठीक, पण घाईत वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन भरून आणणारा माणूस सगळ्या खोलीसाठी स्फोटाची सोय करून ठेवतो, कारण आतल्या तेलकटपणाला दाबाखालचा ऑक्सिजन पेटवतो. असा प्रकार एकदाही खपवून घेऊ नका.

काढून टाकायचा ठराव सर्वसाधारण सभेत न्यावा लागणार असेल तर खजिनदाराला आधी वही काढायला सांगा. क्लब १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेला असेल तर तीन महिन्यांहून जास्त वर्गणी थकलेल्याला कलम १५ प्रमाणे मत देता येत नाही. ऐन मतदानात हे निघालं की सभा हातघाईवर येते.

ज्यांना बोलायला जीभ रेटत नाही

जागेचा भाटकार, ज्याच्या पडवीत रेंज आहे, तो स्वतःच लेनवर मोबाइल कानाला लावून गोळीबार करतो. उद्या जागा काढून घेईल ही भीती असते. म्हणून भाडेकरार करतानाच एक ओळ घाला, की रेंज वापरताना जागामालकालाही सदस्यांचेच नियम लागू. नंतर तोंडी सांगणं जमत नाही.

दुसरा, हुशार पोरगा. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य घेतलं, तेव्हापासून प्रत्येक क्लबात एखादा "आमचा पुढचा स्वप्नील" असतो, आणि त्याला सगळं माफ असतं. त्याचं भलं करायचं असेल तर आत्ताच थांबवा. स्पर्धेत असुरक्षित हाताळणीला पंच थेट बाद करू शकतात, आणि तिथे कुणाचे काका समितीवर नसतात.

तिसरा, प्रशिक्षक. सदस्य त्याला "सर" म्हणतात, तक्रार कुणी लिहून देत नाही. त्यासाठी तक्रार स्वीकारणारी दोन नावं भिंतीवर लावा, त्यातलं एक क्लबाबाहेरचं आणि शक्यतो एका महिलेचं.

निकालानंतर

काढून टाकलेल्याची रायफल, जॅकेट, सिलिंडर यादी करून, सही घेऊन परत द्या. वर्गणी थकली म्हणून बंदूक अडवून ठेवू नका, थकबाकी वेगळी मागा. आगाऊ भरलेली रक्कम किती परत करायची ते नियमावलीप्रमाणे आणि चेकने.

निलंबन संपवून परत येणाऱ्याला पहिल्याच दिवशी चावी देऊ नका. आधी एका अनुभवी सदस्यासोबत चार बैठका, त्या सोबत्याने रजिस्टरात प्रत्येक वेळी लिहायचं, मग सुरक्षेची तोंडी चाचणी. "लाइनच्या पुढे कुणी गेलं तर तुझा हात कुठे असतो?" या प्रश्नाला उत्तर आहे: बंदुकीपासून लांब, आणि पाय टेबलापासून एक पाऊल मागे. ते न अडखळता आलं की त्याच दिवशी नव्या क्रमांकाची चावी, जुन्या नियमावर नवी सही.